लमझन्याचे कार्ड

आमच्या गावाच्या वेशीवर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले आहे : 'शंभर टक्के आरोग्य विमा असलेले गाव'. पाटी आधी रंगली, विमा नंतर उतरला. अंगणवाडीच्या भिंतीवर फळे आणि प्राणी काढायला पेंटर आला होता. तो पुन्हा इतक्या आत येईल याची खात्री नव्हती, म्हणून ग्रामसेवकाने पाटीचेही काम त्याच फेरीत उरकून घेतले. निळा रंग उरला, त्यात हत्ती झाला. त्यामुळे अंगणवाडीतला हत्ती आणि वेशीवरची पाटी आजही एकाच रंगाची आहेत.

पाटी काही महिने खोटी होती. ती एका माणसामुळे खोटी होती, आणि तो माणूस आमच्या घरात राहत होता.

तो लमझना होता. आमच्या गोंड समाजात मुलीच्या घरी राहून, तिच्या बापाच्या शेतात राबून मग लग्न करण्याची जुनी रीत आहे. असा राबणारा होणारा जावई म्हणजे लमझना. ठरलेल्या काळात सासरा त्याला पारखतो आणि तोही सासऱ्याला पारखतो. रीत आता कमी झाली आहे. गोंदियात आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मी ती समजावून सांगितली तेव्हा एका सहकाऱ्याने तिची नोंद 'इंटर्नशिप' अशी केली. पगाराच्या बाबतीत ते बरोबर होते.

हा लमझना माझ्या बहिणीसाठी आला होता. त्याचे गाव दरेकसाकडच्या डोंगरात, आमचे इटियाडोह धरणाच्या नहराखाली, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर. तीन वर्षे ठरली होती आणि ती होऊन गेली होती. लग्नाचा विषय निघाला की बाबांकडे कारण असे. एका वर्षी बैल मेला. एका वर्षी घराच्या छपरावरची कवेलू फेरायची होती. त्यानंतरच्या वर्षी कारण सांगायचेच राहून गेले. खरे कारण गावाला ठाऊक होते. असा नांगरधारी बाबांना पुन्हा मिळणार नव्हता, आणि लग्न झाले की तो बायकोला घेऊन डोंगरात परत जाणार, असे बाबांनी मनाशी धरले होते. तसे त्याने कधी म्हटले नव्हते. बाबांनीही कधी विचारले नव्हते.

त्या वर्षी धान निघाले. खरेदी केंद्रावर न्यायला ट्रॅक्टरमध्ये पोती चढवताना लमझन्याच्या जांघेत काहीतरी सरकले आणि तिथेच राहिले. सुपारीएवढा गोळा होता, काही दिवसांत लिंबाएवढा झाला. तो खोकायच्या आधी खाली हात दाबून धरू लागला, बाजारात माणूस खिसा धरतो तसा. आईने जुन्या लुगड्याचा पट्टा शिवून दिला. तो बांधून तो पोती उचलतच राहिला. तालुक्याच्या डॉक्टरने हर्निया सांगितला. आज आत-बाहेर करतो आहे, एक दिवस बाहेर अडकेल, मग रात्री-बेरात्री धावपळ होईल, त्याआधी ऑपरेशन करून घ्या, असेही सांगितले. गोंदियातल्या दवाखान्यात चौकशी केली. विम्याचे कार्ड असेल तर आत बसवायच्या जाळीसकट सगळे त्यात बसेल, असे तिथल्या माणसाने सांगितले. कार्ड आणा आणि तारीख घ्या.

इथे अडचण उभी राहिली. विमा माणसाला मिळत नाही, कुटुंबाला मिळतो. म्हणजे आधी कुटुंब दाखवावे लागते. लमझन्याच्या बापाने त्याचे नाव आपल्या रेशनकार्डातून केव्हाच काढले होते. पोरगा दिला म्हणजे दिला, हा त्यांचा शब्द. आमच्या रेशनकार्डात ते चढले नव्हते, कारण लग्न झाले नव्हते. डोंगरातल्या घरातून तो निघाला होता आणि नहराखालच्या घरात पोचला नव्हता. कागदावर तो कित्येक वर्षे दरेकसाच्या स्टेशनवर उभा असल्यासारखा होता.

कार्ड काढण्याची कोणावर सक्ती नव्हती. फक्त ग्रामसेवकावर होती. त्याला गाव पूर्ण करून द्यायचे होते, साहेब पाहणीला येणार होते, आणि पाटी तर रंगून बसली होती. त्याने दारोदार फिरून माणसे आणली. खाटेवरची म्हातारी खाटेसकट आणली. शेवटी गावात एकच माणूस उरला. ग्रामसेवक सकाळ-संध्याकाळ आमच्या अंगणात येऊन बसू लागला आणि लमझन्याची तब्येत विचारू लागला. तब्येतीची एवढी काळजी त्याने स्वतःच्या आईचीही केली नसेल, असे माझी आई म्हणाली.

शेवटी शाळेच्या व्हरांड्यात शिबिर लागले. रेशनकार्डात नाव चढवणे आणि विम्याचे कार्ड काढणे, दोन्ही एकाच टेबलावर. मी तिथे नव्हतो, सुटी काढून संध्याकाळी गावी पोचलो. पुढचे बोलणे मी तिघांकडून वेगवेगळे ऐकले आणि तिघांचे जुळले, म्हणून देतो आहे.

ऑपरेटर गोंदियाचा, कानाला मफलर बांधलेला, हिंदी बोलणारा पोक्त गृहस्थ होता. त्याने विचारले, हा कोण. बाबांनी सांगितले, लमझना. ऑपरेटरने पडद्यावरची नाती वरून खाली आणि खालून वर पाहिली. पत्नी होती, मुलगा होता, सून होती, नातू होता, जावईही होता. लमझना नव्हता. जावई लिहू का, त्याने विचारले. पण मग लग्नाचा दाखला लागेल. मागे रांगेत अर्धे गाव उभे होते आणि ऐकत होते. ग्रामसेवक तर बाबांच्या तोंडाकडेच पाहत होता. बाबांनी थोडा विचार केला.

"मंग पोरगा लिव," ते म्हणाले.

"सगा?"

"सगाच समज."

"आधार पे तो बाप का नाम अलग है."

"दत्तक घेतला."

तेव्हा लमझन्याने पहिल्यांदा तोंड उघडले. "मामा, असं काऊन करून राहिले?"

सासऱ्याला मामा म्हणायची आमची पद्धत. ऑपरेटरने मफलर कानावरून वर सरकवला. "बाप को मामा बोलता है?"

"लाडानं," बाबा म्हणाले.

ऑपरेटरच्या मागे मोठी रांग होती. त्याने 'मुलगा' दाबले. मग चेहरा टिपायचा होता आणि यंत्राला डोळे मिचकावलेले हवे होते. लमझन्याला नेमका त्याच वेळी खोकला आला आणि त्याने खाली हात नेला. कार्डावर त्याचा एक डोळा बंद आणि एक खांदा खाली आला आहे. दुकानात उधार मागायला आलेल्या माणसाचा वाटावा असा फोटो आहे. ग्रामसेवकाने टाळ्या वाजवल्या. गाव शंभर टक्के झाले होते.

संध्याकाळी कार्ड घरी आले. बहीण बारावी शिकलेली, तिने वाचले. कार्ड तिने देव्हाऱ्यापाशी ठेवले आणि स्वयंपाकाला लागली. काय झाले ते घरात तिलाच आधी कळले होते.

ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. आमच्यात घरे देवांच्या संख्येने ओळखली जातात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. एका संख्येचे सगळे भाऊभाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. आम्ही सहा देवांचे. लमझना सात देवांचा, म्हणून तर तो आला. ऑपरेटरने एक बटण दाबून त्याला सातातून सहात आणले होते. आता तो माझा भाऊ होता. त्याचे मला काही नव्हते. पण तो माझ्या बहिणीचाही भाऊ होता.

जेवायला बसलो. बहिणीने बाबांना वाढले, मला वाढले, मग लमझन्यापुढे भाजीची कढई धरली आणि आवाज न चढवता विचारले, "दादा, तुमाले देऊ का?"

लमझन्याचा घास हातातच राहिला. आईने तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की काय, ते दिसले नाही. बाबा भातात बघत राहिले. त्या दिवसापासून बहिणीने ते सोडले नाही. दादा, पानी घ्या. दादा, बैल सोडले का. दादा, तुमच्या बाबांले चहा नेऊन द्या. हर्नियाने जितका वाकला नव्हता तितका तो त्या एका शब्दाने वाकला.

बाबांची बाजू साधी होती. कार्ड झाले, ऑपरेशन होऊ द्या, मग कागद बदलू. मलाही ते व्यवहाराचे वाटले आणि मी तसे बोलून दाखवले. बहीण म्हणाली, तू पेपरवालाच राह. त्यानंतर मी या प्रकरणात फक्त ऐकण्याचे काम केले.

दवाखान्याची तारीख मिळाली. सकाळी जीप यायची होती. आईने पिशवी भरली, टॉवेल, लोटा, बिस्किटांचा पुडा. लमझना घरात नव्हता. तो बांधावर बसला होता. बाबा बोलवायला गेले, मागून मी गेलो.

"पोट फाडून घेतो मामा," तो म्हणाला. "पन भाऊ होऊन नाई फाडून घेत."

बाबांनी त्याला समजावले की डॉक्टर पोट बघतो, नाते बघत नाही. टेबलावर बरेवाईट झाले तर माझा दगड कोणत्या गावी मांडाल, असे त्याने विचारले. आमच्यात माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड आपल्या कुळाच्या जागी मांडतात आणि तो आपल्या देवांत जाऊन मिळतो. सात देवांकडे गेलो तर ते म्हणतील तू सहात लिहिला गेलास, तिकडे जा. सहा देवांकडे आलो तर ते म्हणतील तू कोण. "जितेपनी दोन गावांच्या मधात उभा हाव," तो म्हणाला, "मेल्यावर तरी बसाले जागा पाह्यजे का नाई?"

जीप आली, हॉर्न वाजवून परत गेली. बिस्किटे आम्ही खाल्ली.

बाबा भुमकाकडे गेले. भुमका म्हणजे गावाचा पुजारी; लग्ने तोच लावतो. त्याच्या डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच विम्यावर झाले होते, त्यामुळे तो कार्डाच्या विरोधात नव्हता. त्याने कार्ड नव्या डोळ्यांनी दूर धरून, जवळ धरून पाहिले आणि विचारले, "त्या मशीनले इचारलं का, ते किती देवांची हाय?" मग निकाल दिला. कागदाने झालेले नाते कागदाने तोडा. तुटेपर्यंत ते भाऊ-बहीण, आणि भाऊ-बहिणीला मी हळद लावत नाही.

ग्रामसेवकाने ऑपरेटरला गाठले. ऑपरेटर म्हणाला, मुलाचा जावई करता येतो, फक्त लग्नाचा दाखला जोडा. भुमका म्हणाला, जावई केल्याशिवाय लग्न नाही. ग्रामसेवक दोघांच्या मधे दुचाकीवरून दोनदा गेला आणि आला. आपण जिथून निघतो तिथेच पोचतो आहोत, हे त्याला दुसऱ्या फेरीत लक्षात आले.

मग त्याने मार्ग काढला. मुलगा बदलायचा नाही, काढायचाच. नाव काढायला यंत्र कारण मागत होते आणि कारणे ठरलेली होती. मृत्यू, ते कोणाला पटले नाही. विवाह, ते यंत्र फक्त मुलींच्या बाबतीत मानत होते. उरले स्थलांतर. ग्रामसेवकाने स्थलांतर दाबायला सांगितले. आता पाटी पुन्हा खोटी झाली होती. तिच्यावर 'जवळपास' असा एक शब्द वाढवता येईल का, हे त्याने पेंटरला फोनवर विचारल्याचे मला नंतर कळले. जागा नव्हती.

पण स्थलांतर लिहिले म्हणजे ते झाले पाहिजे, असे लमझन्याचे म्हणणे पडले. एकदा खोटे लिहून काय झाले ते दिसले होते. त्याने आपली खाट डोक्यावर घेतली. बाबांनी जड उचलू नको म्हणून ती त्याच्या डोक्यावरून घेतली. आणि दोघांनी मिळून त्याचे स्थलांतर समोरच्या घराच्या गोठ्यात केले. रस्ता ओलांडला की झाले. आमच्या दारातून त्याचे पाय दिसत होते.

बहिणीने त्या संध्याकाळी त्याला दादा म्हटले नाही. ताट घेऊन गेली, नुसती "घ्या" म्हणाली आणि परत आली. आईने ही बातमी मला आतून येऊन दिली.

उन्हाळी धानाला पाणी सुरू होते. नहराचे पाणी पाळीने मिळते आणि पाळी रात्रीची असो की दिवसाची, बांधावर माणूस लागतो. इतकी वर्षे तो माणूस लमझना होता. आता बाबा गेले. पाणी भलत्याच बांधीत, म्हणजे खाचरात, सोडून आले. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने येऊन आभार मानले. त्याच दिवशी गोठ्यातून कळले की लमझना दरेकसाकडच्या गाडीची वेळ विचारून राहिला आहे. स्थलांतर झालेच आहे तर पुरतेच करतो, असे तो म्हणाला होता. इथे ना कार्ड, ना बायको.

बाबा अंगणात बराच वेळ बिडी न पेटवता बसले. मग उठून रस्ता ओलांडून गेले. गोठ्यात आणि आमच्या ओसरीत मधे एक रस्ता आणि दोन म्हशी, त्यामुळे सगळे ऐकू आले. आम्ही ऐकत नव्हतो असे दाखवायला आई सूप हलवत राहिली. सुपात काही नव्हते.

"लगन लावून देतो," बाबा म्हणाले. मग पुढे : "पन मंग पोरीले घेऊन डोंगरात जाशीन ना तू?"

"कायले?" लमझना म्हणाला. "डोंगरात पानी कोठी हाय, मामा? इथं नहर हाय. मी कायले जाऊ?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

यावर एक म्हैस बोलली. मग बाबा खाट उचलून परत घेऊन येऊ लागले, तेव्हा बहीण दारात आडवी उभी राहिली. कार्डातून नाव निघाल्याचा कागद हातात येईस्तोवर खाट तिकडेच राहील, असे तिने सांगितले. खाट परत गेली.

कागद आला आणि पौर्णिमेच्या सुमाराला लग्न झाले. नवरदेवाला नाचायला, कोणाला उचलायला आणि मोठ्याने हसायला डॉक्टरची मनाई होती. तिसरी मनाई पाळणे अवघड गेले, कारण त्याच्या वाट्याचा नाच ग्रामसेवकाने केला. ढोल थांबल्यावरही तो थोडा नाचत होता. गावात लग्नाची नोंद करण्याचा अधिकारही त्याचाच. त्याने नोंदवही बगलेतच ठेवली होती आणि हळद सुकायच्या आत सह्या घेतल्या. दाखला जोडला. या वेळी ऑपरेटरने 'जावई' दाबले. फोटो यंत्राने जुनाच उचलला, एक डोळा बंद असलेला.

साहेब पाहणीला आले ते त्यानंतर. त्यांनी पाटी वाचली, खरी आहे का विचारले, ग्रामसेवकाने छाती काढून खरी आहे म्हटले. मग त्यांनी अंगणवाडी पाहिली आणि हत्ती निळा का, एवढेच विचारले.

ऑपरेशनला जाताना जीपमध्ये बाबा, जावई आणि मी होतो. जावयाला उपाशी ठेवायचे होते. कोहमाऱ्याला ढाब्यांवर सकाळची फोडणी चालली होती आणि ड्रायव्हरला तिथेच टायर बघायचा होता. जावई नाक धरून बसला. बाबांनी सोबत म्हणून स्वतःही काही खाल्ले नाही, फक्त दोन समोसे खाल्ले, आणि ते जीपच्या मागे जाऊन.

दवाखान्यात खिडकीतल्या बाईने कार्ड घेतले, पडद्यावर पाहिले, फोटो पाहिला, माणूस पाहिला. मग बाबांना विचारले, तुम्ही यांचे कोण. हा प्रश्न बाबांना कळायला अवघड नव्हता. तरी ते खिडकीच्या आणखी जवळ गेले.

"जावई हाय माहा," ते म्हणाले.

बाईने लिहून घेतले. बाबांनी पुढे ते स्ट्रेचरवाल्याला सांगितले, दारावरच्या पहारेकऱ्याला सांगितले, आणि बाहेर चहावाल्याला सांगितले. यांपैकी कोणी विचारले नव्हते. ऑपरेशन व्हायला फार वेळ लागला नाही. जाळी बसली. जावई शुद्धीवर आला तेव्हा त्याने आधी कार्ड कुठे आहे ते विचारले, मग ढाबा उघडा असेल का ते विचारले.

डॉक्टरने तीन महिने वजन उचलायला मनाई केली. हे बाबांच्या हिशेबात नव्हते. उन्हाळी धान कापणीला आले होते. बहीण आणि आई कापत होत्या, बाबा भारे वाहत होते आणि जावयाची खाट मोहाच्या सावलीत टाकली होती. तिथून तो काम पाहत होता. कापणी कुठून धरायची, भारा कसा बांधायचा, बैलाला डावीकडून काऊन हाकलून राहिले, हे तो पडल्या पडल्या सांगत होता. बाबा ऐकत होते. दुपारी भाकर खायच्या आधी त्याच्यासाठी पाणी बाबाच नेत होते.

आई विळा थांबवून दोघांकडे पाहत राहिली. "आता लमझना कोन होय, ते समजून नाई राहिलं," ती म्हणाली.

मळणी झाली. ट्रॅक्टर आला. बाबांनी कमरेला गमछा आवळला आणि पहिल्या पोत्याला वाकून हात घातला.

"मामा," खाटेवरून आवाज आला. "कंबरेतून नोको, गुडघ्यातून उचला. कार्डात तुमचंई नाव हाय, पन एवढ्यात दवाखाना नोको."

बाबांनी पोते खाली ठेवले, गुडघे वाकवले आणि पुन्हा उचलले.